नभोवाणीवरील लोकगीत : आज आणि उद्या

नभोवाणीवर लोकगीताला पुढे काही जागा राहणार आहे काय, हा आजचा प्रश्न आहे. त्याची दोन तयार उत्तरे आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असतील. एक पक्ष म्हणतो की, रेडिओही संपला आणि लोकगीतही संपले. आता दोघांच्या नावाने उसासे टाकणे एवढेच उरले. दुसरा पक्ष म्हणतो की, काळजीचे काहीच कारण नाही. हवे ते गाणे खिशातल्या फोनवर मिळते, मग रेडिओ हवा कशाला? ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत असे आम्हांस वाटते. काय संपले, काय उरले आणि जे उरले ते कोणत्या अटीवर टिकेल, ह्याचा हिशेब शांतपणे मांडला पाहिजे. नृसिंहवाडीसारख्या गावाला तो मांडणे सोयीचे आहे; कारण एका अंगाला सांगली व दुसऱ्या अंगाला कोल्हापूर अशी आकाशवाणीची दोन केंद्रे आपल्याला जवळ आहेत, आणि कृष्णा-पंचगंगेच्या ह्या संगमावर मराठी व कानडी अशा दोन्ही मुलखांतली भजनी मंडळे आजही पायी येतात.

प्रथम लोकगीत म्हणजे काय ते ठरवून घेऊ. धनगरांच्या ओव्या, कलगी-तुऱ्याची भेदिक शाहिरी, पोवाडा, गोंधळ, यल्लम्माच्या जोगत्यांची चौंडक्यावरची गाणी, सोंगी भजन, जात्यावरच्या ओव्या, मोटेवरची गाणी ही सारी ह्या सदरात येतात. त्यांच्या चाली वेगळ्या, वाद्ये वेगळी, गाणारेही वेगळे. पण एक गोष्ट सर्वांना समान आहे. ह्यांतले प्रत्येक गाणे कोणत्या तरी प्रसंगाला बांधलेले आहे. गोंधळ लग्नानंतर घातला जातो, धनगरी ओवी बिरोबाच्या जागराला म्हटली जाते, जात्यावरची ओवी पहाटेच्या दळणाबरोबर येते. मैफलीचे गाणे ऐकण्यासाठी माणसे जमतात. लोकगीताच्या बाबतीत माणसे आधीच कशासाठी तरी जमलेली असतात आणि मग गाणे होते. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढची गुंतागुंत पुष्कळशी उलगडते.

आपल्या देशात रीतसर प्रक्षेपण मुंबईला २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. १९३६ साली त्या यंत्रणेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले आणि पुढे आकाशवाणी हे नाव रूढ झाले. पुणे केंद्र १९५३ साली निघाले. आरंभीच्या काळात स्टुडिओत येण्याचा मान अर्थातच शास्त्रीय गायकांचा होता. १९४० साली तर पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, आकाशवाणीवर मज्जाव झाला आणि ती बंदी सुमारे तीस वर्षे टिकली. पेटीच्या सुरावर आपल्या स्वरांना नेमकेपणा येत नाही, असा तज्ज्ञांचा आक्षेप होता. तो शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हता. परंतु खेड्यातल्या भजनी मंडळापाशी टाळ, पखवाज आणि पेटी ह्यांवाचून दुसरे होते काय? नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे भजनी मंडळ नव्हते, एवढाच ह्याचा अर्थ.

१९५२ साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ रजा दिली. श्रोते रागावले आणि त्यांनी रेडिओ सिलोनचा काटा धरला. १९५७ साली विविध भारती काढून सरकारला ती चूक सावरावी लागली. तथापि, त्या धोरणाची एक चांगली बाजू होती. चित्रपटगीताची मोकळी झालेली जागा भरण्यासाठी केंद्रांना भावगीत, भक्तिगीत आणि लोकगीत ह्यांच्याकडे वळावे लागले. पुणे केंद्रावरून १९५५-५६ साली वर्षभर चाललेले ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके ह्यांचे गीतरामायण ह्याच काळातले. फडके मूळचे कोल्हापूरचे, माडगूळकर माणदेशाचे. कोल्हापूरचे शाहीर पिराजीराव सरनाईक, वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे ह्यांचा आवाज ज्यांनी कधी समोर बसून ऐकला नव्हता, त्यांच्याही माजघरात तो पोहोचला. हे ऋण नाकारण्यात अर्थ नाही.

त्याच सुमारास पुणे केंद्राने एक प्रयोग केला. त्याची आठवण आज मुद्दाम करण्यासारखी आहे. युनेस्कोच्या साह्याने १९५६ सालच्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि आपला कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे खेड्यांत रेडिओ ऐकणारी मंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे, एकूण वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवायचे, अशी योजना होती. केंद्राने त्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांत उत्तरे द्यायची. कल्पना कॅनडातल्या शेतकरी मंडळांवरून घेतलेली होती आणि विषय शेतीचे व आरोग्याचे होते. गाण्याशी तिचा थेट संबंध नव्हता. पण रेडिओ हा केवळ बोलणारा नसून ऐकणाराही होऊ शकतो, हे त्या दहा आठवड्यांनी दाखवून दिले. लोकगीताला नेमकी हीच गोष्ट पुढे लाभली नाही.

१९६३ साली सांगली केंद्र सुरू झाले आणि कृष्णाकाठच्या बोलीला घराजवळचे स्थान मिळाले. १२५१ किलोहर्ट्झ हा आकडा ह्या भागातल्या कितीतरी घरांत पाठ होता. त्याच दशकात बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ दिवाणखान्यातून शेताच्या बांधावर गेला. ज्यांची गाणी, त्यांच्याच कानांवर ती रेडिओतून पडू लागली. वरवर पाहता हा लोकगीताचा सुवर्णकाळ होता. मग अडचण कोठे आली?

पहिली अडचण वेळेची. धनगरी ओवीत आधी सुंबरान मांडले जाते, देवांना आवाहन होते, मग कथा उलगडत जाते. पुढचा गातो, मागचे झेलतात, ढोल घुमतो आणि ऐकणाऱ्यांच्या उत्साहाप्रमाणे कथा लांबते किंवा आखडते. एक कथा पुरी व्हायला रात्र लागते. नभोवाणीच्या वेळापत्रकात तिच्या वाट्याला दहा किंवा पंधरा मिनिटे यायची. तेवढ्यात सुंबरान होते आणि कथेचे तोंड लागते न लागते तोच निवेदक आभार मानतो. भेदिकाचे तर ह्याहून कठीण. तेथे एका फडाने प्रश्न घालायचा आणि दुसऱ्याने तो सोडवायचा. समोर प्रतिपक्ष नसेल तर भेदिक कशाचे? स्टुडिओत एकच फड बोलावला म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात एकट्या पैलवानाला उभे केल्यासारखे होते.

दुसरी अडचण परीक्षेची. आकाशवाणीवर गायचे तर आवाजाची चाचणी द्यावी लागते, आणि तीत उतरलेल्या कलावंताला श्रेणी मिळते. पक्षपाताला आळा बसावा म्हणून ही पद्धत आली आणि तिने पुष्कळ गुणी माणसांना न्यायही दिला. पण चाचणी एका माणसाच्या गळ्याची होते. जात्यावर ओवी म्हणणारी बाई स्वतःला गायिका समजतच नाही. ती अर्ज कशाला करील? त्यामुळे रेडिओवर बहुधा ती म्हातारी आली नाही. तिची ओवी शिकून, स्वच्छ करून म्हणणारी दुसरी कोणी आली.

तिसरी अडचण यंत्राची, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मध्यमलहरींवर शेजारशेजारच्या केंद्रांना पुरेशी जागा मिळावी म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला येणारा पट्टा अरुंद ठेवलेला असतो. त्यातून साधारण साडेचार-पाच हजार कंपनांपर्यंतचाच आवाज नीट जातो. माणसाच्या बोलण्याला तेवढे पुरते. परंतु हलगीची टिपरी कातड्यावर पडताच जो कडक नाद उठतो, चौंडक्याच्या तारेची जी झणझण असते, टाळांचा जो किणकिणाट असतो, त्यांचा मोठा भाग ह्या मर्यादेच्या वर राहतो आणि वाटेतच गळतो. एफ. एम. पद्धतीत ही मर्यादा पंधरा हजारांपर्यंत जाते. म्हणजे आपल्या वाद्यांना न्याय देणारे यंत्र आले ते फार उशिरा.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जी लोकगीते नाहीशी झाली, ती रेडिओने मारली असे नव्हे. पिठाची गिरणी आली, जाते थांबले आणि ओवीचा आधार गेला. आपल्या नदीकाठी आधी इंजिने व मग विजेचे पंप आले, पाणी उपसायोजनांनी उसाला मिळू लागले, मोट गेली आणि मोटेवरचे गाणे तिच्याबरोबर गेले. ह्यात हळहळण्यासारखे फारसे काही नाही. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईला गिरणी नको होती असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. अशा गाण्यांचे जतन करणे एवढेच आपल्या हाती असते. ते काम मोठे झालेही आहे. वाळवे तालुक्यातल्या बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर ह्यांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीतर्फे खंडामागून खंड काढले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हां ह्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतल्या पुष्कळ, म्हणणाऱ्या बायांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. त्या आज कोणालाही ऐकता येतात.

परंतु ज्या गाण्यांचा प्रसंग अजून जिवंत आहे, त्यांचे काय? पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत आजही ढोल घुमतात. गोंधळ घातला जातो, भजन बसते, भेदिकाचे फड उभे राहतात. येथे मरणाची भाषा चुकीची आहे. येथे धोका निराळा आहे. तो म्हणजे लोकगीताच्या नावाखाली दुसरेच काही ऐकण्याची सवय लागण्याचा. १९७२ सालच्या ‘पिंजरा’ चित्रपटाचे उदाहरण घ्या. निर्माते-दिग्दर्शक व्ही. शांताराम कोल्हापूरचे, गीतकार जगदीश खेबुडकर कोल्हापूरचे, संगीतकार राम कदम मिरजेचे. ह्या मंडळींनी लावणीला जे रूप दिले ते सुंदरच आहे. पण पुढे झाले असे की, लावणी म्हटली की रेडिओने चित्रपटातली तबकडी लावावी आणि ऐकणाऱ्यानेही तीच लावणी समजावी. ज्या मातीतून ती उचलली, तेथे अजून फडावर गाणाऱ्या बाईची मात्र कोणाला आठवण राहिली नाही.

हे आपल्याच देशात घडते असे नाही. अमेरिकेत ग्रामीण गोऱ्या शेतकऱ्यांच्या गाण्याला ‘कंट्री’ म्हणतात. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल गावी एका विमा कंपनीने काढलेल्या डब्ल्यू. एस. एम. केंद्रावर २८ नोव्हेंबर १९२५ रोजी ७७ वर्षांच्या एका फिडलवाल्या म्हाताऱ्याला माइकपुढे बसवण्यात आले. लोकांना ते इतके आवडले की, त्यातून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम निघाला. त्याला २०२५ साली शंभर वर्षे झाली. प्रारंभी तेथे शेजारपाजारचे हौशी वादक येत आणि समोर श्रोते बसलेले असत. पुढे त्या गाण्याचा मोठा धंदा झाला. १९९६ साली तिकडच्या कायद्याने एका कंपनीने देशभर किती केंद्रे बाळगावी ह्यावरचे बंधन उठवले. एकेका कंपनीने शेकडो आणि एकीने तर बाराशेहून अधिक केंद्रे घेतली. मग एका ठिकाणी ठरवलेली गाण्यांची यादी गावोगाव वाजू लागली. कंट्री संगीताची केंद्रे आजही तेथे विपुल आहेत. पण ज्या गावात केंद्र आहे त्या गावचा गवई त्यावर क्वचित ऐकू येतो. नाव राहिले आणि गाव गेले. आपण धडा घ्यायचा तो हा.

आता आपल्याकडची आजची स्थिती पाहू. मध्यमलहरींची जुनी, वीज खाणारी प्रक्षेपणयंत्रे देशभर टप्प्याटप्प्याने बंद केली जात आहेत. एफ. एम. चा आवाज निर्मळ, पण त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात; डोंगर आडवा आला की थांबतात आणि काही मैलांपलीकडे पोहोचत नाहीत. २००५ च्या धोरणानंतर कोल्हापुरासारख्या शहरांत खाजगी एफ. एम. केंद्रे आली. त्यांचा खर्च जाहिरातीतून निघतो, जाहिरात जास्तीत जास्त कानांमागे जाते आणि म्हणून सर्वांना आधीच ठाऊक असलेले चित्रपटगीत वाजवणे त्यांना परवडते. ह्यात कोणाचा दुष्टावा नाही; हिशेबच तसा आहे. २०२४ साली सरकारने आणखी २३४ शहरांत ७३० खाजगी वाहिन्यांना वाट मोकळी केली. पण हिशेब तोच राहिला तर वाहिन्या वाढून गाणी तीच राहतील. फोनवर आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक वाहिन्या इंटरनेटवरून ऐकता येतात, ही सोय मोठी आहे. मात्र सांगलीचे केंद्र पुण्यामुंबईत ऐकू येऊ लागले, म्हणून सांगलीत शिरोळ तालुक्याचे गाणे अधिक वाजते असे होत नाही. पोहोच वाढणे वेगळे आणि भरणा होणे वेगळे.

ह्या चित्रात आशेची जागा आम्हांला दिसते ती लहान केंद्रांत. २००६ च्या धोरणाने नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना व कृषी विज्ञान केंद्रांनाही सामुदायिक रेडिओ चालवण्याची मुभा दिली. शिक्षणसंस्थांना ती आधीच होती. संस्था निदान तीन वर्षांची असावी, नफ्यासाठी नसावी, आणि निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तेथेच तयार झालेला असावा, अशा त्यातल्या मुख्य अटी. यंत्र लहान, पल्ला साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा. देशात अशी सुमारे पाचशे केंद्रे आहेत. माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ आहे. जत तालुक्यात जालिहाळला ‘येरळावाणी’ आहे. मोठ्या केंद्राला जे जमत नाही ते लहान केंद्राला सहज जमते. रात्रभराची ओवी रात्रभर लावली तर त्याचे कोणते वेळापत्रक बिघडणार आहे? गावच्या बाईला श्रेणी नसली तरी तिला बोलवायला कोणाची परवानगी लागते? तासाला जाहिरातीची मर्यादा २०२४ साली सातावरून बारा मिनिटांवर नेल्याने चरितार्थाचा प्रश्नही थोडा हलका झाला आहे.

लोकगीताला नभोवाणीने आजवर वेळ दिली, पण प्रसंग दिला नाही, असे आम्हांस वाटते. गवयाला स्टुडिओत आणण्याऐवजी माइकच प्रसंगापाशी गेला पाहिजे. आकाशवाणीला हे अशक्य नाही. पंढरीच्या सोहळ्याचे वर्णन तिने घरोघर पोहोचवलेलेच आहे. मग पट्टणकोडोलीची रात्र का नको? एखाद्या पौर्णिमेला वाडीस आलेल्या मंडळाचे भजन, त्या घाटावरच्या गलबल्यासकट, का नको?

ह्यात गावाने करण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. पहिली, आपल्या तालुक्यात कोण काय गाते ह्याची यादी : नाव, गाव, गाण्याचा प्रकार, कोणाकडून शिकले आणि कोणत्या दिवशी ते ऐकायला मिळते. हे काम शाळेतली मुले एका सुट्टीत करतील. दुसरी, ध्वनिमुद्रण. चांगले यंत्र आज एका बऱ्या सायकलीच्या किमतीत मिळते. परंतु गाणाऱ्याची संमती घ्यावी, गाणे मध्ये न तोडता पुरते घ्यावे, आणि त्यावर तारीख व गाव नोंदवावे. नाव-गाव नसलेले ध्वनिमुद्रण हे पत्ता नसलेल्या पत्रासारखे असते. त्याची एक प्रत गावात, एक आकाशवाणीकडे आणि एक शिवाजी विद्यापीठाकडे ठेवावी. तिसरी गोष्ट श्रोत्यांची. १९५६ च्या त्या मंडळांप्रमाणे केंद्राला पत्रे लिहावीत, काय ऐकले आणि काय हवे ते सांगावे. ‘आपली आवड’सारखा कार्यक्रम श्रोत्यांच्या पत्रांवरच उभा राहिला. लोकगीत मागणारी पत्रे आली नाहीत, तर अधिकाऱ्याने ते कोणाच्या भरवशावर लावावे?

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप गाण्यासाठी? त्याला आमचे उत्तर असे की, केवळ गाण्यासाठी नव्हे. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ह्या गावाने पाहिले आहेत. वीज गेली आणि फोनचे मनोरे मुके झाले की बॅटरीवरचा रेडिओच बोलू शकतो. पण त्यावर आपल्या गावाबद्दल बोलणारे जवळचे कोणी असले तर. संकटात ज्या केंद्रावर लोकांनी विश्वास ठेवावा, ते केंद्र एरवीच्या दिवसांत त्यांच्या ओळखीचे झालेले असावे लागते. आपल्या गावची ओवी रोज ऐकवणारे केंद्रच आपल्या नदीच्या पाण्याची पातळी विश्वासाने सांगू शकेल.

राहिला प्रश्न वेळेचा. ज्यांना पुरी कथा, पुरे भेदिक येते, ती पिढी आता उताराला लागली आहे. यंत्रे पुढेही मिळतील, परवाने मिळतील, कदाचित पैसाही मिळेल; गाणारी माणसे मात्र वाट पाहणार नाहीत. म्हणून यादीचे काम ह्या सुट्टीतच हाती घ्यावे, अशी आमची श्रोत्यांना विनंती आहे. वही घ्यावी, पहिले नाव आपल्याच आळीतले लिहावे, आणि त्या घरी जाऊन बसावे. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.